न मागता दिलेली डबी

भाऊसाहेब कोळपे चिडलेले आमच्या इमारतीत कोणी पाहिले नव्हते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत ही साधी गोष्ट नाही. इथला प्रत्येक माणूस दिवसभर कुठल्या तरी मंत्रालयात कुणाचं तरी ऐकून घेऊन घरी येतो आणि मग ते लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, पाण्यावरून, कुठे ना कुठे बाहेर पडतंच. भाऊसाहेबांचं पडत नसे. कुणी त्यांच्या स्कूटरला आडवी गाडी लावली तर गाडीवाला येईपर्यंत ते शांत उभे राहत आणि तो आला की त्यालाच हात दाखवून गाडी मागे घ्यायला मदत करत. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाई त्यांचा उल्लेख "वो शरीफ मराठी भाईसाब" असा करायच्या.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि मुलाकडे, सुजयकडे, राहायला आले तेव्हा समोरचं दार कोळप्यांचं होतं. भाऊसाहेब मूळचे श्रीरामपूरकडचे. परीक्षा देऊन तरुणपणीच दिल्लीला आले आणि आता सेक्शन ऑफिसर होते. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, इस्त्रीचा शर्ट, आणि डावा गाल खालच्या बाजूला जरा फुगलेला. तिथे तंबाखू असायची. तोंडात तंबाखू असलेला माणूस बोलताना हनुवटी वर करतो, ओठ फारसे उघडत नाही आणि शक्यतो "हं" वर भागवतो. भाऊसाहेबांशी माझी वर्षभराची ओळख अशी "हं" वर झाली. पण ते "हं" फार निरनिराळं असायचं. मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढायला लागले की एक काळजीचं "हं" यायचं आणि पिशवी माझ्या हातातून जायची.

त्यांची बायको अलका मात्र बोलकी. आणि मुलगी कादंबरी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इतिहास घेऊन. दिल्लीत जन्मलेली, दिल्लीत वाढलेली. मला "आजी" म्हणायची आणि पुढचं वाक्य हिंदीत सुरू करायची. शाळेतली सवय म्हणून माझ्या एक लक्षात आलं होतं. ही मुलगी कुठेही गेली तरी आपल्या उजव्या हाताला बसते, म्हणजे आपण तिच्या डाव्या बाजूला येतो. उजव्या कानाने तिला कमी ऐकू येतं हे मी विचारायच्या आधीच ओळखलं होतं. अलका म्हणाली, लहानपणी कान फुटला होता. मी पुढे विचारलं नाही.

मागच्या दिवाळीत भाऊसाहेबांना चिवडा झोंबायला लागला. आधी त्यांना वाटलं, मिरची जास्त पडली. मग साधा वरणभातही झोंबू लागला. मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवलं, तर डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, नेमका तंबाखू ठेवायच्या जागी. तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर नाही, म्हणाले, पण पेशी बिघडायला लागल्यात. तंबाखू सोडलीत तर कदाचित इथेच थांबेल. नाही सोडलीत तर थांबणार नाही. दर महिन्याला दाखवायला या.

तंबाखू सोडवण्यासाठी तिथे एक तरुण मुलगी बसते. तिने त्यांना एकच काम सांगितलं: तलफ येते त्याच्या अगदी आधी काय घडतं, तेवढं बघा.

भाऊसाहेबांनी हे काम एखाद्या फाइलसारखं हाती घेतलं. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले. तोंडात लवंग होती, त्यामुळे पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण आवाज ऐकला. चांगला खर्जातला आवाज होता.

"बाई, सापडलं. चहा. चहा झाला की हात जातो. चहा बंद केला."

"चांगलं केलंत."

"ऑफिसात आठवडाभर शिवलो नाही. पण घरी झालंच. म्हणजे चहा एकटा नाही." त्यांनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली. "बाई, तुम्ही मुलांच्या सवयी कशा सोडवायचात? नखं खाणं वगैरे?"

"मुलाला विचारून कधी कळायचं नाही, भाऊसाहेब. त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. मी नुसती बघत असे. नखं खाणारा मुलगा दिवसभर खात नाही. आता आपल्याला फळ्यापाशी बोलावणार, असं वाटलं की खातो."

"मग माझ्याकडे बघा जरा."

"बघते," मी म्हणाले. गमतीत म्हणाले, पण शब्द दिला तो दिला.

बघायची वेळ जानेवारीत आली. संक्रांतीच्या दिवशी दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, जातात, तसे आम्ही निघालो. धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नव्हते. शशिकांतराव, आमच्या मंडळाचे चिटणीस, बसच्या दारात उभे राहून ओरडत होते, "डबे आधी उघडा रे! मागच्या वेळी आपले लोक तिथे उपाशीपोटी लढले, त्याचा निकाल माहिती आहे ना?" सगळे हसले. भाऊसाहेबही हसले. तोंडात लवंग होती. जाताना पूर्ण रस्ताभर त्यांनी खिशाला हात लावला नाही. मी पाहत होते.

स्मारकाला फुलं वाहून झाली. हिरवळीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. अलकाने गुळाच्या पोळ्या काढल्या. ऊन नुकतं कुठे पडायला लागलं होतं. कादंबरी माझ्या उजव्या हाताला बसली होती. पोळीचा तुकडा मोडत ती सहज म्हणाली,

"पापा, एम.ए.ला अ‍ॅडमिशन मिळाली ना, तर मी मुनिरकात रूम घेणार आहे. मृणाल आणि मी, शेअरिंगमध्ये."

"घर असताना खोली कशाला?"

"युनिव्हर्सिटी जवळ पडते."

"इथून काय लांब आहे? माणसं फरीदाबादहून जातात."

"यार पापा, बात डिस्टन्स की नहीं है."

"मराठीत बोल."

"अच्छा, सॉरी. पण बात वही है ना. मुझे घर में..."

"मराठीत बोल म्हणालो ना!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता फार, पण खालून वर येत होता, जसा पाण्याचा पंप सुरू होताना येतो. शेजारच्या सतरंजीवरच्या दोन बायकांनी मान वळवली. कादंबरीने पोळी खाली ठेवली. आणि अलकाने, एका हातात तुपाची बाटली तशीच ठेवून, दुसरा हात पर्समध्ये घातला, डबी काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी मागितली नव्हती. खिशाकडे हातही नेला नव्हता. शिंकणाऱ्या मुलाच्या हातात आई रुमाल देते, तशी तिने ती दिली. त्यांच्याकडे न बघता, बोलणं न थांबवता. "बाई, तूप घ्या ना," असं ती त्याच वेळी मला म्हणत होती.

भाऊसाहेबांनी डबीच्या एका बाजूने चुना घेतला, दुसऱ्या बाजूने तंबाखू, अंगठ्याने मळली, फटकारली आणि गालात ठेवली. पंप बंद झाला. "हं," ते म्हणाले. कादंबरी उठून स्मारकाच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. शशिकांतराव तीळगूळ वाटत आले, तेव्हा भाऊसाहेबांनी तो घेतला आणि कोटाच्या खिशात टाकला, कारण तोंडात जागा नव्हती.

परत येताना बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर होते. मागे वळून, हनुवटी वर करून म्हणाले, "बाई, आज पुन्हा झालं. गोडाने होतं बघा. गुळाची पोळी खाल्ली ना. आता गोड बंद करायला पाहिजे."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. अलका तिच्या जागेवर झोपली होती, पर्स पोटाशी धरून.

दोन-तीन दिवसांनी मी अलकाकडे गेले. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मीही एक जुडी ओढली. इतर बोलणं संपल्यावर विचारलं, "अगं, भाऊसाहेबांनी तंबाखू टाकून द्यायला सांगितली होती ना तुला?"

"सांगितली होती."

"मग तुझ्या पर्समध्ये कशी?"

तिचे हात थांबले नाहीत. देठ एकीकडे, पानं एकीकडे. मग म्हणाली, "पर्समध्ये एक आहे. या ड्रॉवरमध्ये एक आहे. दिसली तुम्हाला."

"दिसली."

"बाई, सगळे मला म्हणतात, काय शांत नवरा मिळालाय. हे शांत नाहीयेत. यांचं तोंड भरलेलं असतं, एवढंच. लग्न करून आले तेव्हा या माणसाने भरलेलं ताट भिंतीवर मारलेलं मी पाहिलंय. भाजीत मीठ कमी म्हणून नाही. ऑफिसातून आले होते, मी काहीतरी विचारलं, आणि मारलं. मग रडायचे. कादंबरी चार वर्षांची होती. तिने यांना हिंदीत काहीतरी उलटून उत्तर दिलं, शाळेतून शिकून आलेली. काय म्हणाली तेही मला आता आठवत नाही. यांनी कानाखाली मारली. एकच. पण मोठ्या माणसाला मारावी तशी."

तिने जुडीचा दोरा बोटाला गुंडाळला.

"कान असा फुटला तो. हेच उचलून घेऊन पळाले दवाखान्यात. हेच रात्रभर बसले. मग देवासमोर शपथ घेतली, परत हात उचलणार नाही. आणि उचलला नाही, बाई. यांना वाटतं शपथ पाळली. मला माहिती आहे, कशाने पाळली. एकदा आवाज चढायला लागला आणि तेवढ्यात यांनी बार भरला. आवाज बसला. तोंडात तंबाखू घेऊन ओरडता येत नाही. मग पुढच्या वेळी मीच हातात दिली. मग नेहमीच. कादंबरी पण द्यायची लहानपणी. 'पापा, डब्बी.' तिला वाटायचं औषध आहे."

"भाऊसाहेबांना हे ठाऊक आहे?"

"त्यांना वाटतं ते मागतात."

"अलका, डॉक्टरांनी काय सांगितलंय..."

"मी होते ना तिथे." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर त्यांच्या तोंडाचं बोलतात. त्यांच्या हाताचं मला कोणी सांगत नाही. डबी नाही दिली, तर पुढे काय होईल याचं औषध आहे का त्या मुलीकडे? कादंबरीला अजून एक कान आहे, बाई."

मेथी निवडून झाली होती, तरी मी पानं चाळत राहिले. शेवटी म्हणाले, हे त्यांना तूच सांगायला हवंस. ती म्हणाली, "हो." सांगायला हवं हे तिलाही कळत होतं. पण भीती बसलेली असली की माणूस उद्या म्हणतो. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब मला जिन्यात भेटले, तेव्हा डावा गाल फुगलेला होता आणि त्यांनी नजर चुकवली. जानेवारीच्या तपासणीला ते गेले नाहीत. फेब्रुवारीच्याही नाही. त्या मुलीने इतकं समजावून सांगितलं आणि आपल्याला जमत नाही, याची त्यांना लाज वाटत होती. चट्ट्याची भीती होती, पण त्या कोवळ्या मुलीसमोर नापास होऊन बसण्याची लाज त्याहून मोठी होती. माझ्या वर्गातही गृहपाठ न झालेली मुलं शाळाच बुडवायची.

होळीच्या दुपारी मी त्यांच्याकडे पुरणपोळ्यांचं ताट घेऊन गेले. दार उघडं होतं. आत बोलणं चालू होतं, ते कशावरून हे दारातच कळलं. कादंबरीने प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरला होता आणि मृणालबरोबर जाऊन मुनिरकात एक खोली बघूनही आली होती.

"मला न विचारता?"

"विचारलं होतं ना. काला अंबला. तुम्ही हं म्हणालात."

"मी हं म्हणालो?"

"हाँ तो! तुम्ही नेहमी हं म्हणता. आपकी हर बात हं पे खतम होती है!"

"मराठीत!"

"नहीं आती, पापा! गुस्से में नहीं आती मुझे मराठी!"

तो पंप सुरू झाला. या वेळी तळहातावर डबी आली नाही. भाऊसाहेब खुर्चीवरून उठले. स्वयंपाकघराच्या दारात अलका उभी होती, तिचा हात ड्रॉवरच्या मुठीवर होता. तिने मला दारात पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. तिने हात मुठीवरून काढला आणि पदरात गुंडाळून घेतला.

भाऊसाहेब काय ओरडत होते ते नीट सांगता येणार नाही. घर, पगार, आम्ही काय कमी केलं, दिल्लीने मुलगी नासवली, असं काहीतरी. ते एक पाऊल पुढे आले. आणि कादंबरीचा उजवा हात वर गेला. तिने कान झाकला. डोकं खांद्यात ओढून घेतलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी एका क्षणात एवढीशी झाली.

भाऊसाहेब होते तिथे थांबले.

"कान का झाकलास?"

"कधी?"

"आत्ता."

"नाही झाकला." ती खरंच बोलत होती. मग तिचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं.

"झाकते ती," अलका म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भात झालाय असं सांगावं तसा. "तुमचा आवाज चढायला लागला की झाकते. तुम्ही कधी बघितलं नाहीत."

"माझा आवाज? अगं, मी इतक्या वर्षांत कधी..."

"चढू दिला नाही मी."

आणि तिने ड्रॉवर उघडला, डबी काढली, टेबलावर आणून ठेवली. मग पर्स आणून त्यातली दुसरी काढून तिच्याशेजारी ठेवली. कुठे, कधी, कसं, सगळं सांगितलं. त्यात रडणं नव्हतं. मला परत जावंसं वाटत होतं, पण हातात ताट होतं आणि हलणं बरं दिसलं नसतं.

भाऊसाहेब ऐकत होते. मला वाटलं होतं, ते पुन्हा भडकतील, तुझ्यामुळे माझं तोंड गेलं म्हणतील. तसं म्हणायला त्यांना जागा होती. ते इतकंच म्हणाले, "म्हणजे शपथ मी पाळलीच नाही." मग खुर्चीत बसले. "मला वाटलं, मी सुधारलो."

कादंबरी भिंतीला टेकून उभी होती. ती हळूहळू, एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "पापा, मला भांडायला... येत नाही मराठीत. कारण आपण कधी भांडलोच नाही. मी काही बोलले की तुमच्या तोंडात... ते असायचं. मग कोणाशी बोलू? म्हणून मला जायचंय. लांब-जवळचं नाहीये ते."

त्या संध्याकाळी खाली मैदानात होळी पेटली, तेव्हा भाऊसाहेब एकटेच उतरले आणि दोन्ही डब्या त्यात टाकून आले. त्यानंतर त्यांनी तंबाखूला हात लावला नाही. हे मी खात्रीने सांगते.

पुढच्या दिवसांत ते संध्याकाळी खाली कडुलिंबाजवळच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसत. तोंड रिकामं असल्याने बोलत. आवाज कसा हळूहळू मोकळा होत गेला! त्यांना आता स्वतःचं कोडं सुटायला लागलं होतं आणि ते ते मला सांगत, एखाद्या मुलाने गणिताच्या पायऱ्या सांगाव्यात तसे.

"बाई, माझ्या सेक्शनमध्ये पोरं माझ्या हिंदीची नक्कल करतात. समोर. मी 'ऐसा करके' म्हणतो ना, तर जेवणाच्या सुट्टीत सगळे करके, करके. मीही हसतो. आलो तेव्हापासून हसतोय. पोरं बदलली, नक्कल तीच. तिथे काही होत नाही मला. तलफ पण नाही. मग घरी येतो आणि पोरगी हिंदीत उत्तर देते."

"आणि?"

"आणि मला वाटतं, ही पण त्यांच्यातलीच. घरातपण नक्कल चाललीय." ते जमिनीकडे बघत होते. "चार वर्षांची होती हो ती."

मी मांडीवर पडलेलं कडुलिंबाचं पान उचलून बाजूला ठेवलं.

"आता काय करतो, सांगू? ती 'यार' म्हणाली की इथे छातीत काहीतरी चढतं. ते चढताना कळायला लागलंय. आधी कळायचं नाही, सरळ डबीच हातात असायची. आता कळलं की उठतो, खिडकीपाशी जाऊन ग्लासभर पाणी पितो. मग परत येऊन बसतो. परत यायचं, हे मुख्य. नुसतं निघून गेलं तर ते पुन्हा 'हं' च झालं."

"जमतं?"

"चारातलं तीनदा. चौथ्यांदा अलका म्हणते, 'पाणी.' तेवढंच म्हणते. देत काही नाही." ते हसले. डावीकडे ओठ नीट वर गेला नाही.

मी म्हणाले, आता दवाखान्यात जा. त्या मुलीला सांगा. ती खूश होईल.

एप्रिलमध्ये ते गेले. मुलगी खूश झाली. डॉक्टरांनी गाल दाबून पाहिला, मग जबड्याखाली बोटं फिरवली आणि बोटं एका ठिकाणी थांबली, असं अलकाने सांगितलं. चट्टा आता नुसता चट्टा राहिला नव्हता. जानेवारीत आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही.

मे महिन्याच्या उन्हात ऑपरेशन झालं. डावा गाल, जबड्याचा तुकडा, मानेतल्या गाठी. छातीचं मांस काढून गालाला लावलं. सुजय आणि मी भेटायला गेलो, तेव्हा नाकात नळी होती. त्यांनी डोळे उघडून पाहिलं. माझ्या ओळखीत पहिल्यांदा त्यांचं "हं" ही निघालं नाही. अलका खुर्चीवर बसून त्यांच्या हाताची बोटं एकेक करून चोळत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मीच भरवली ना, बाई." मी म्हटलं, नाही गं. तिला ते पटलं नाही. ती न देती तर काय झालं असतं, हे ना तिला माहीत होतं ना मला.

जुलैत कादंबरीला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी मी तिला द्यायला लाडवांचा डबा घेऊन गेले. दारात एक बॅग आणि पुस्तकांची खोकी होती. मृणाल खाली टेम्पोजवळ थांबली होती. भाऊसाहेब खिडकीशेजारच्या खुर्चीत होते. चेहरा डावीकडे आत गेलेला, नाकात अजून नळी, खांद्यावर लाळ पुसायला टॉवेल. बोलत होते, पण तोंडात खडे धरून बोलावं तसं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काही कळलं नसतं.

ते काहीतरी म्हणाले. कादंबरीला कळलं नाही. ते पुन्हा म्हणाले, जास्त जोरात. आवाज खालून वर चढायला लागला आणि तिचा उजवा हात उचलला गेला. निम्म्यात तिला ते कळलं. तिने हात तसाच नेऊन केस मागे सारले आणि त्यांच्या उजव्या बाजूला वेताचा मोडा ओढून बसली, म्हणजे डावा कान त्यांच्याकडे येईल.

"परत बोला, पापा. मी ऐकतेय."

"थो-डे दि-वस... थांब."

"नाही थांबणार."

"डॉक्टर... म्हणाले..."

"माहितीये, काय म्हणाले. मला मम्मीने सांगितलं, मानेत पसरलं होतं ते पण." या वेळी तिची मराठी सुटली नव्हती. "आता थांबले तर मी कधीच नाही जाणार. आणि मग मी तुमच्यावर रागवून बसेन. मला नाही रागवायचं. शनिवारी येईन. दर शनिवारी."

"पाच कि-लोमीटर..."

"तेच तर. पाचच किलोमीटर आहे. मग रडता कशाला?"

"तू... रडतेस."

"दोघंही रडतोय."

भाऊसाहेबांची मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. मोठा आवाज झाला. अलका स्वयंपाकघराच्या दारात होती. तिचा हात ड्रॉवरवर गेला आणि तिथेच राहिला. कादंबरी हलली नाही. आम्ही तिघी त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी तो हात उचलला, आपल्याच मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले.

"जा," ते म्हणाले. हा शब्द मात्र स्पष्ट आला.

कादंबरीने बॅग उचलली. लाडवांचा डबा माझ्याकडून घेतला. दारातून वळून "आजी, शनिवारी," असं म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. भाऊसाहेब खिडकीकडे वळले नाहीत. हात अजून मांडीखालीच होता.

अलकाने ड्रॉवर उघडला. आता त्यात नळीतून दूध द्यायच्या जाड सिरिंजा असतात. तिने एक काढली, गरम पाण्याने धुतली आणि त्यांच्या जेवणाची तयारी करायला लागली.